मसल कारला किती घन इंचांचं इंजिन हवं?

जुनी अमेरिकन मसल कार (साठ-सत्तरच्या दशकातली, मोठ्या इंजिनाची दमदार गाडी) पुन्हा रस्त्यावर आणायची ठरवली, इंजिन उतरवून मशीन शॉपमध्ये नेलं, की तिथला माणूस दोन-तीन प्रश्नांतच मुद्द्यावर येतो: किती क्युबिक इंच करायचं? गाडीत आहे ते ३५० तसंच ठेवायचं, त्याचं ३८३ करायचं, की ते बाजूला काढून ४५४ चा बिग ब्लॉक, म्हणजे मोठ्या चौकटीचं जड इंजिन, बसवायचा? या एका उत्तरावर पुढचं सगळं ठरतं. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), हेड (सिलिंडरांवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग), कार्ब्युरेटर, गिअर, रेडिएटर, ब्रेक आणि अर्थातच खर्च. डेट्रॉइटच्या आसपास गाड्यांच्या कंपन्यांत काम करणारी मराठी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कुणाच्या गॅरेजमध्ये अशी गाडी उभी असेल तर हा लेख त्यांच्यासाठी. आणि बॉनेटवरचे ते ३९६, ४२७, ४५४ आकडे फोटोत पाहून ज्यांना कुतूहल वाटलं, त्यांच्यासाठीही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडी बहुतेक वेळ कुठल्या आरपीएमला (मिनिटाला इंजिनाच्या किती फेऱ्या) फिरणार आहे ते बघा आणि तिथे भरपूर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देईल एवढं इंजिन घ्या. सर्वांत जास्त पॉवरचा आकडा नंतर. असा विचार केला की बहुतेकांचा हिशेब ३५० ते ४०० घन इंचांच्या दरम्यान येऊन थांबतो. तो का थांबतो, आणि कधी थांबू नये, ते आता पाहू.

आकडा कशाचा

पिस्टन वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जाताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा मोकळी करतो, ती मोजायची आणि सिलिंडरांच्या संख्येने गुणायची. झालं डिस्प्लेसमेंट. सिलिंडरचा व्यास म्हणजे बोअर, पिस्टनचा प्रवास म्हणजे स्ट्रोक. शेव्हरोलेच्या (लाडाने शेव्ही) ३५० चा बोअर ४ इंच आणि स्ट्रोक ३.४८ इंच. ४ गुणिले ४ गुणिले ०.७८५४ गुणिले ३.४८ गुणिले ८ सिलिंडर केलं की ३४९.८५ येतात.

आपल्याला सीसीत विचार करायची सवय आहे, म्हणून बुलेटशी ताडून बघू. जुन्या कास्ट आयर्न बुलेट ३५० चा बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर, म्हणजे ३४६ सीसी. शेव्हरोलेचं ३५० मात्र घन इंचांतलं आहे, आणि एक घन इंच म्हणजे १६.३९ सीसी. म्हणजे ते इंजिन ५,७३३ सीसीचं झालं. त्याचा एकेक सिलिंडर ७१७ सीसीचा, दोन बुलेटींहून किंचित मोठा, आणि असे आठ. ४५४ मध्ये हाच एक सिलिंडर ९३० सीसीचा होतो.

टॉर्क आधी, पॉवर मागाहून

इंजिन एका फेरीत किती हवा-पेट्रोल आत घेतं त्यावर टॉर्क ठरतो. म्हणून टॉर्कचं आणि घन इंचांचं नातं अगदी सरळ आहे. टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेलं, नीट बांधलेलं रस्त्यावरचं व्ही-८ (व्ही आकारात आठ सिलिंडरांचं) इंजिन दर घन इंचामागे साधारण एक ते सव्वा पाउंड-फूट टॉर्क देतं. इंजिन शेव्हीचं असो, फोर्डचं असो की डॉजचं, या पट्ट्याच्या फार बाहेर ते जात नाही.

पॉवर म्हणजे तोच टॉर्क मिनिटाला किती फेऱ्यांच्या वेगाने मिळतो ते. सूत्र छोटं आहे: पाउंड-फूटमधला टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ५,२५२, की हॉर्सपॉवर मिळते. याचा अर्थ तीच पॉवर दोन वाटांनी मिळवता येते. इंजिन मोठं करा, नाहीतर लहान इंजिन जोरात फिरवा.

समजा ४०० हॉर्सपॉवर हवी आहे. पॉवरच्या शिखरावर इंजिन दर घन इंचामागे १.०५ पाउंड-फूट देतंय असं धरलं, तर ३०२ ला जवळपास ६,६०० आरपीएमपर्यंत जावं लागेल. ३५० ला ५,७०० पुरतील, ३८३ ला ५,२००. ४५४ तेवढी पॉवर ४,४०० लाच देऊन मोकळं होईल. प्रत्यक्ष इंजिनात हे आकडे थोडे मागेपुढे होतात, पण क्रम बदलत नाही.

आता ६,६०० ला पुरेशी हवा आत यावी म्हणून त्या ३०२ ला काय करावं लागतं ते बघा. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहतील असा कॅमशाफ्ट घालावा लागतो. पिस्टन खाली जाऊन पुन्हा वर यायला लागला तरी इनटेक व्हॉल्व्ह उघडाच असतो. जास्त आरपीएमला याचा फायदा होतो, कारण वेगाने येणारी हवा तेवढ्या वेळातही आत घुसत राहते. कमी आरपीएमला हवेला तो वेग नसतो, मग वर येणारा पिस्टन आत आलेलं मिश्रण उलटं मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत आणणाऱ्या नळ्यांत, ढकलतो. परिणाम सगळे ओळखीचे: आयडलिंग अडखळतं, सिग्नलवरून निघताना गाडीत दम नसतो, मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पडतो आणि त्या व्हॅक्यूमवर चालणारा पॉवर ब्रेक दगडासारखा कडक होतो.

इथेच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट येते. तेवढ्याच पॉवरसाठी मोठं इंजिन जास्त सोशिक असतं. ०.०५० इंच लिफ्टला मोजलेला २३० अंश ड्युरेशनचा (व्हॉल्व्ह उघडा राहण्याच्या काळाचा) कॅम ३०२ मध्ये घातला तर गाडी आयडलला हलते, थरथरते. तोच कॅम ४५४ मध्ये अगदी मवाळ वाटतो, कारण प्रत्येक सिलिंडर दीडपट मोठा आहे आणि तेवढीच व्हॉल्व्हची वेळ त्याला जेमतेम पुरते. म्हणून ज्याला बायकोमुलांना घेऊन रविवारी फिरायला जायचंय त्याने लहान इंजिन चिडवून घेण्यापेक्षा मोठं इंजिन मवाळ ठेवणं शहाणपणाचं. घन इंच वाढवले की गाडी रानटी होते असं पुष्कळांना वाटतं. गाडी रानटी होते ती कॅममुळे.

ते जुने आकडे आले कुठून

१९६७ च्या कमॅरो झेड/२८ मध्ये ३०२ घन इंचांचं इंजिन होतं. शेव्हीने हाच आकडा का निवडला? ट्रान्स-अॅम शर्यतींच्या नियमात ५ लिटरची, म्हणजे ३०५ घन इंचांची मर्यादा होती म्हणून. ३२७ चा ४ इंच बोअरचा ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य ओतीव भाग) घेतला, त्यात २८३ चा ३ इंच स्ट्रोकचा क्रँक (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणारा दांडा) टाकला, आणि ३०२ तयार झालं. फोर्डचं बॉस ३०२ त्याच नियमातून आलं. दुसऱ्या टोकाला ४२६ हेमी, ४२७ शेव्ही आणि ४२७ फोर्ड हे सगळे ७ लिटरच्या मर्यादेला चिकटलेले आहेत. तो आकडा नॅसकार या अमेरिकन शर्यत-संस्थेच्या नियमांतला. १९६४ ची पाँटिअॅक जीटीओ तर कंपनीच्याच नियमाला वळसा घालून जन्मली. जनरल मोटर्सने मधल्या आकाराच्या गाड्यांना ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन नको असं ठरवलं होतं, तेव्हा पाँटिअॅकवाल्यांनी ३८९ चं इंजिन वेगळ्या मॉडेलऐवजी टेम्पेस्टवरचं एक ऑप्शन पॅकेज म्हणून विकलं.

हे सांगायचं कारण एवढंच की या दंतकथा झालेल्या आकड्यांमागे शर्यतीचे नियम होते. तुमच्या गाडीला तो नियम लागू नाही. झेड/२८ च्या ३०२ ची कागदावर २९० हॉर्सपॉवर होती ५,८०० आरपीएमला, आणि टॉर्क २९० पाउंड-फूट ४,२०० ला. शर्यतीच्या ट्रॅकवर ते इंजिन सोनं आहे. त्याच्यासमोर १९७० च्या ब्यूइक जीएस स्टेज १ चं ४५५ ठेवा: ५१० पाउंड-फूट, तेही २,८०० आरपीएमला. गावातल्या रस्त्यावर आपण १,५०० ते ३,५०० च्या मध्येच फिरतो. त्या पट्ट्यात ब्यूइकचं शिखर येतं. ३०२ चं शिखर यायला अजून वेळ असतो.

जुन्या हॉर्सपॉवरच्या आकड्यांवर मात्र फार भरवसा ठेवू नका. १९७१ पर्यंत कंपन्या ग्रॉस हॉर्सपॉवर सांगायच्या, म्हणजे इंजिन टेस्ट स्टँडवर, गाडीचा एक्झॉस्ट, एअर क्लीनर वगैरे काही न जोडता मोजलेली. १९७२ पासून नेट आकडे आले. कॉर्व्हेटच्या एलटी-१ ३५० ची नोंद १९७१ ला ३३० आहे आणि १९७२ ला २५५. इंजिन जवळपास तेच होतं, मोजायची पद्धत बदलली. बॉनेटवरच्या आकड्यांचंही तसंच. १९७० च्या शेव्हेल एसएस ३९६ मध्ये खरं तर ४०२ घन इंच होते, आणि फोर्डचं ४२७ मोजलं तर ४२५ भरतं. तुमच्याकडचं इंजिन काय आहे ते ब्लॉकवरच्या कास्टिंग नंबरवरून आणि प्रत्यक्ष मापावरून ठरवा.

३५० चं ३८३

स्मॉल ब्लॉक शेव्ही, म्हणजे लहान चौकटीचं इंजिन, १९५५ ला २६५ घन इंचांचं म्हणून आलं आणि त्याच बाहेरच्या आकारात ४०० पर्यंत वाढलं. ३५० हे त्यातलं सर्वांत जास्त खपलेलं. आता हे जुनं ३५० उघडलं की सिलिंडर झिजलेले असतातच, म्हणून बोअर करावं लागतं. नेहमीचं माप ३० थाऊ, म्हणजे ०.०३० इंच. बोअर ४.०३० झाला की डिस्प्लेसमेंट ३५५ होतं. म्हणजे एवढा धातू काढून हाती पाच घन इंच. पण त्याच बोअरमध्ये ४०० चा ३.७५ इंच स्ट्रोकचा क्रँक टाकला तर ३८३ होतात, थेट अठ्ठावीस जास्त. बोअर वाढवून फारसं मिळत नाही, स्ट्रोक वाढवून मिळतं. शिवाय बोअर वाढवताना सिलिंडरची भिंत पातळ होते, पातळ भिंत जास्त तापते, आणि एकदा खरवडलेला धातू परत येत नाही. ६० थाऊ करायच्या आधी ब्लॉकची सोनिक टेस्ट करून भिंतीची जाडी मोजून घ्यावी. जुन्या कास्टिंगमध्ये एकाच सिलिंडरची एक बाजू जाड, दुसरी पातळ असं सर्रास असतं.

कारखान्यातला ४०० चा क्रँक ३५० च्या ब्लॉकमध्ये सरळ बसत नाही. त्याचे मेन जर्नल (बेअरिंगवर टेकणारे गोल भाग) २.६५ इंचांचे, ३५० चे २.४५ चे, त्यामुळे पूर्वी ते घासून लहान करायचे. आता तयार क्रँक मिळतात. कसाही आणला तरी एक काम हातानेच करावं लागतं, आणि ते बघण्यासारखं असतं.

ब्लॉक स्टँडवर उलटा टांगलेला असतो. क्रँक बेअरिंगवर बसवतात, एका सिलिंडरमध्ये रिंगशिवाय पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडतात आणि क्रँक हाताने सावकाश फिरवतात. स्ट्रोक वाढल्यामुळे रॉडचा खालचा भाग आता मोठं वर्तुळ काढतो. ऑइल पॅन जिथे बसतो त्या कडेजवळून रॉडच्या बोल्टचं डोकं जाताना एकदम टक्क आवाज येतो आणि क्रँक अडतो. तिथे मार्करने खूण करायची, रॉड काढायचा, ग्राइंडरने तेवढीच कड चंद्रकोरीसारखी खरवडायची, परत जोडून फिरवायचं. दीड मिलिमीटरची तार मधून सहज गेली की तो सिलिंडर पास. मग कॅमशाफ्ट घालून तसंच वरच्या बाजूला बघायचं, कारण रॉडचा खांदा कॅमच्या लोबजवळूनही जातो. आठही सिलिंडरांना हे करायचं, आणि सगळं झाल्यावर ब्लॉक धुऊन कीस पूर्ण काढायचा. हे काम करताना घाई करणाऱ्याकडे मी इंजिन देणार नाही.

दुसरी काळजी बॅलन्सची. ४०० चा क्रँक बाहेरून बॅलन्स केलेला असतो, म्हणजे त्याच्या वजनाचा थोडा हिस्सा पुढच्या डँपरवर (कंपनं शोषणाऱ्या चकतीवर) आणि मागच्या फ्लायव्हीलवर असतो. ३५० चे डँपर-फ्लायव्हील त्याला चालत नाहीत. ते तसेच लावले तर इंजिन थरथरतं आणि बेअरिंगं लवकर जातात.

तिसरी गोष्ट कॉम्प्रेशनची, आणि ही हमखास राहून जाते. पिस्टन अगदी वर असताना हेडमधली आणि गॅस्केटमधली मिळून जी जागा उरते ती समजा ८३ सीसी आहे. ३५० च्या ७१७ सीसीच्या सिलिंडरला यातून कॉम्प्रेशन रेशो ९.६ येतो. तेच हेड, तसेच सपाट पिस्टन घेऊन ३८३ केलं, तर सिलिंडर ७८४ सीसीचा होतो आणि रेशो साडेदहाच्या जवळ पोचतो. हेडला हात न लावता कॉम्प्रेशन वाढलं! लोखंडी हेड आणि पंपावरचं पेट्रोल असेल तर एवढं कॉम्प्रेशन नॉकिंगला (मिश्रण आपोआप पेटून इंजिन ठोके देण्याला) आमंत्रण आहे. लोखंडी हेडला साडेनवाच्या आसपास राहावं, अॅल्युमिनिअमला दहा-साडेदहा चालतं, कारण अॅल्युमिनिअम उष्णता लवकर वाहून नेतं. म्हणून ३८३ ला बहुतेक वेळा वर खळगा असलेले पिस्टन घेतात. अमेरिकेत पंपावर चांगलं पेट्रोल ९३ ऑक्टेनचं मिळतं, कॅलिफोर्नियात ९१ चं. तिथलं माप वेगळं आहे. तिथलं ९१ म्हणजे आपल्याकडच्या मापाने साधारण ९५-९६.

एवढं करून ३८३ ला जास्तीचा खर्च फार येत नाही, आणि त्याच्या लोकप्रियतेचं कारण हेच. इंजिन उघडलंय म्हटल्यावर पिस्टन नवे, बेअरिंगं नवी, क्रँक घासायचा किंवा नवा. त्यातच जास्त स्ट्रोकचा घेतला तर फरक थोडा पडतो, आणि मिळणारा टॉर्क अगदी खालच्या आरपीएमपासून जाणवतो. फोर्डवाले ३०२ ला ३.४० इंचांचा क्रँक घालून ३४७ करतात, तेही याच कारणाने.

हेड विसरलात तर

घन इंच वाढवले आणि हेड जुनंच ठेवलं, तर टॉर्क वाढतो पण पॉवर जवळपास जागच्या जागी राहते. हेडमधून जाणाऱ्या हवेला मर्यादा आहे. मोठं इंजिन ती मर्यादा कमी आरपीएमलाच गाठतं. रस्त्यासाठी हे वाईटच असतं असं नाही. सगळं खालीच मिळतं, ५,००० ला इंजिन संपतं, आणि पुष्कळांना तेवढं पुरतं. पण ज्याला दोन्ही हवं त्याने पैसे हेडमध्ये घालावेत. ३५० किंवा ३८३ ला इनटेक पोर्ट (हवा आत येण्याच्या वाटा) १८० ते १९५ सीसीचे असलेलं हेड रस्त्यावर छान चालतं. मोठा पोर्ट म्हणजे जास्त पॉवर असं समजून २२० सीसीचं हेड लावलं, तर कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो, पेट्रोल नीट मिसळत नाही आणि वाढवलेल्या घन इंचांचा फायदा तिथेच वाया जातो.

कार्ब्युरेटरचंही गणित सोपं आहे. घन इंच गुणिले आरपीएम भागिले ३,४५६, की इंजिनाला मिनिटाला किती घनफूट हवा लागते ते मिळतं. रस्त्यावरचं इंजिन सिलिंडर शंभर टक्के भरत नाही, म्हणून त्याचे ८५ टक्के धरायचे. ३५० ला ५,५०० वर हे ४७३ येतात, ३८३ ला ५१८, ४५४ ला ६१४. म्हणजे पहिल्याला ६०० चा कार्ब्युरेटर पुरेसा, दुसऱ्याला ६०० ते ६५०, तिसऱ्याला ७५०. रस्त्यावरच्या ३५० वर ८५० चा बसवलेला दिसतो तेव्हा वाईट वाटतं. पायाखाली दम नसलेली गाडी पैसे देऊन घेतलेली असते.

मग सरळ ४५४ का नको

मोठं इंजिन सोशिक असतं असं मीच वर म्हटलं. मग सगळ्यांनी बिग ब्लॉकच घ्यावा की! अडचण इंजिनात नाही, बाकीच्या गाडीत आहे.

लोखंडी बिग ब्लॉक शेव्ही लोखंडी स्मॉल ब्लॉकपेक्षा साधारण ५० किलोंनी जड आहे, आणि हे सगळं वजन पुढच्या चाकांवर येतं. शेव्हेलसारख्या मोठ्या गाडीला ते झेपतं. नोव्हा किंवा कमॅरोत स्टिअरिंग जड होतं, वळणावर गाडी सरळ जायला बघते, स्प्रिंगा बदलाव्या लागतात. मस्टँगमध्ये तर जागेचाच प्रश्न. बॉस ४२९ बसवण्यासाठी पुढच्या सस्पेन्शनच्या टॉवरमध्ये फेरफार करावे लागले होते, आणि ४२८ असलेल्या मस्टँगचे स्पार्क प्लग बदलणं ज्याने केलंय त्यालाच विचारा. अॅल्युमिनिअमची हेडं लावून यातलं काही वजन उतरवता येतं. स्मॉल ब्लॉकवर मात्र त्याच हेडांनी पुढचं टोक आणखी १८-२० किलो हलकं होतं.

मग पकडीचा प्रश्न. १,६३० किलोची गाडी घ्या. मागच्या चाकांवर साधारण ७३५ किलो, जोरात निघताना वजन मागे सरकून ९०० च्या आसपास. टायर चांगला असला तरी जवळपास तेवढ्याच जोराने जमीन ढकलू शकतो. आता पहिला गिअर २.५२, डिफरन्शियल (मागच्या अॅक्सलमधला गिअर) ३.७३ आणि २६ इंच व्यासाचं चाक धरून हिशेब केला, तर इंजिनाचे ३०० पाउंड-फूट रस्त्यावर सुमारे १,१८० किलोंचा रेटा देतात. म्हणजे साधं ३५० सुद्धा पहिल्या गिअरमध्ये टायरच्या पकडीबाहेर जातं. ५०० पाउंड-फूटचं ४५४ जवळपास १,९७० किलोंचा रेटा देईल. पहिल्या गिअरमध्ये त्या जास्तीच्या टॉर्कचा धूरच होणार. तो कामाला येतो दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, आणि तोपर्यंत गावातली वेगमर्यादा मागे पडलेली असते. वाटेत मागचा अॅक्सल, क्लच, गिअरबॉक्स सगळं मजबूत करावं लागतं: शेव्हीत १० बोल्टच्या जागी १२ बोल्टचा, फोर्डमध्ये ८ इंचीच्या जागी ९ इंची. चारही चाकांना ड्रम ब्रेक असतील तर मी इंजिनाआधी पुढे डिस्क बसवीन, इंजिन कितीही घन इंचांचं असो.

उष्णता आहेच. डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर १९९५ पासून ऑगस्टमध्ये ड्रीम क्रूझ होतं, जुन्या गाड्यांची मैलोन्‌मैल रांग पायी चालण्याच्या वेगाने सरकत असते. अशा ठिकाणी मोठ्या इंजिनाची खरी परीक्षा होते. उभ्या गाडीत नुसतं फिरत राहायलाही ४५४ ला ३५० पेक्षा जास्त पेट्रोल लागतं, त्यातली बरीचशी उष्णता पाण्यात जाते, आणि रेडिएटरला फक्त पंख्याची हवा मिळते. मोठा रेडिएटर, त्याला नीट झाकणारं श्राउड आणि चांगला पंखा हा बिग ब्लॉकच्या किमतीचाच भाग धरायला हवा.

आणि मायलेज? कार्ब्युरेटरचं ३५० लिटरला साधारण पाच-सहा किलोमीटर देतं, ४५४ तीन-चार. महिन्यातून एकदा काढायच्या गाडीला हे चालून जातं. रोज कामावर न्यायची असेल तर टाकीही लहान वाटायला लागते.

डिफरन्शियलचा गिअर घन इंचांबरोबरच ठरवावा, ती दोन वेगळी कामं नाहीत. २६ इंची चाक आणि सरळ टॉप गिअर असताना ताशी ११० किलोमीटरला ३.०८ च्या गिअरने इंजिन २,७०० ला फिरतं, ३.७३ ने ३,३०० ला, ४.१० ने ३,६०० ला. लहान इंजिनाला दम यावा म्हणून ४.१० घातला, तर हायवेवर दोन तासांत कान बसतात. मोठ्या इंजिनाला ३.०८ सुद्धा पुरतो. मधला रस्ता ओव्हरड्राइव्हचा: ०.७० चा चौथा गिअर असलेला ऑटोमॅटिक बसवला की ३.७३ ठेवूनही ११० ला २,३०० आरपीएम राहतात. ३८३ आणि ओव्हरड्राइव्ह ही जोडी मला रस्त्यासाठी सगळ्यात आवडते. सिग्नलवरून निघताना ओढ आहे, हायवेवर गप्पा मारता येतात, आणि पुढचं टोक जड झालेलं नाही.

गाडी शेव्ही नसेल तर

वरचा सगळा हिशेब शेव्हीचा. पाँटिअॅकवाल्यांचं वेगळं आहे. पाँटिअॅकने स्मॉल ब्लॉक, बिग ब्लॉक असे दोन प्रकार ठेवलेच नाहीत. ३२६ पासून ४५५ पर्यंतची इंजिनं बाहेरून एकाच आकाराची. म्हणजे ३५० काढून ४५५ बसवलं तरी जागा तीच, माउंट तेच, वजनही जवळपास तेवढंच. जीटीओ किंवा फायरबर्ड असेल तर ४०० किंवा ४५५ कडे जायला मी अजिबात कचरणार नाही. ४५५ चा स्ट्रोक ४.२१ इंचांचा आहे, त्यामुळे त्याला जास्त फिरवू नये एवढंच. ब्यूइकचं ४५५ त्या काळच्या मोठ्या इंजिनांत हलकं गणलं जातं. क्रायस्लरच्या गाडीत ३४० असेल तर ते काढून ४४० टाकायच्या आधी दोनदा विचार करा. ३४० हे हलकं, उत्तम हेडचं स्मॉल ब्लॉक आहे. मात्र ३८३ चा बिग ब्लॉक आधीच असेल तर ४४० त्याच घराण्यातलं, आणि जास्तीचं वजन नाममात्र. (हे क्रायस्लरचं ३८३ आणि शेव्हीचं ३८३ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.)

नवीन इंजिन बसवायला हरकत नसेल तर १९९७ च्या कॉर्व्हेटमधून आलेलं एलएस१ बघा. ३४६ घन इंच, अॅल्युमिनिअमचा ब्लॉक, फ्युएल इंजेक्शन. जुन्या लोखंडी ३५० पेक्षा हलकं, जास्त पॉवरचं आणि पेट्रोलला बरं. फक्त त्याबरोबर कॉम्प्युटर, वायरिंग आणि जास्त दाबाचा पेट्रोल पंप येतो, आणि बॉनेट उघडल्यावर दिसणारं दृश्य बदलतं. ज्याला ते चालतं त्याच्यासाठी हा सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग.

शेवटची गोष्ट ब्लॉकची. गाडीचा मूळ ब्लॉक असेल, म्हणजे त्यावर कोरलेला क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळत असेल, तर त्याला बोअर करू नका, खरवडू नका. गाडीच्या किमतीचा मोठा भाग त्यात आहे. ३८३ साठी वेगळा ३५० चा ब्लॉक घ्या, ते लाखोंनी बनलेत. घेताना साल विचारा. १९८५ पर्यंतच्या ब्लॉकला क्रँकचं मागचं सील दोन तुकड्यांचं, १९८६ पासून एका तुकड्याचं, आणि क्रँक त्याप्रमाणेच मागवावा लागतो. मी १९८७ नंतरचा कारचा ब्लॉक शोधीन, कारण त्यात बहुधा रोलर लिफ्टरची (कॅमवर घासण्याऐवजी चाकावर फिरणाऱ्या दट्ट्यांची) सोय असते. आताच्या इंजिन ऑइलमध्ये पूर्वीएवढं जस्त-फॉस्फरस नसतं आणि जुन्या सपाट लिफ्टरचे कॅम त्यामुळे लवकर झिजतात. रोलर असला की ती चिंता मिटते, आणि ऑइल साध्या दुकानातलं चालतं.